बर्नीच्या जागी

बर्नी गेली तो गुरुवार होता. ईस्टरच्या आधीचे उपवास चालू होते. त्या दिवसांत आमच्या चर्चमधल्या बायका दर गुरुवारी सकाळी चर्चच्या तळघरात जमतात आणि शुक्रवारच्या विक्रीसाठी पिरोही करतात. पारी लाटायची, बटाटा आणि चीज भरायचं, कडा मुरडायच्या, उकळत्या पाण्यात सोडायचं. माझी बायको बर्नी मुरडणाऱ्यांच्या टेबलावर असायची. तिने मुरडलेली पिरोही पाण्यात कधी उकलत नाही असं सगळ्या म्हणत.

मी घरी हीटरची जाळी बदलत होतो. फोन जोसी युर्कोचा होता. ती बर्नीच्या शेजारी बसते. ती म्हणाली की बर्नीने बोलता बोलता टेबलावर डोकं टेकलं, आम्हाला वाटलं हसतेय. मी हॉस्पिटलमध्ये पोचलो तोवर सगळं झालं होतं. डॉक्टर तरुण मुलगी होती. डोक्यातली नस फुटली, म्हणाली. अँब्युलन्स यायच्या आधीच संपलं होतं, तिला काही कळलंही नसेल.

बर्नीच्या हातांना कोपरापर्यंत पीठ होतं. नर्स तिच्या बोटातली अंगठी काढून मला द्यायला बघत होती. ती निघेना, कारण त्या बोटाचा मधला सांधा वाकडा होता. मी म्हणालो, राहू दे, ते बोट माझ्यामुळे मोडलेलं आहे. नर्सने माझ्याकडे असं पाहिलं की मला सांगावं लागलं, चेंडूने मोडलं, मी टाकलेल्या चेंडूने, सत्तेचाळीस वर्षं झाली.

मग मला घड्याळ दिसलं. पावणेतीन झाले होते. गुरुवारी तीन वाजता आम्ही ममाकडे जातो. ममा म्हणजे बर्नीची आई, ओल्गा बेंको, वय चौऱ्याण्णव, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात दुसऱ्या मजल्यावर. मी गाडीत बसलो आणि तिकडे गेलो. कशाला गेलो ते मला आजही सांगता येत नाही. तीन वाजायला आले होते म्हणून गेलो.

ममा खिडकीपाशी खुर्चीत होती. तिला आता माणूस नुसता धूसर दिसतो, पण पावलं ओळखते. तिने विचारलं, "एकटाच? बर्नी कुठाय?"

मी म्हणालो, "तिला सर्दी झालीय."

"मग तू कशाला आलास?"

"तिने पाठवलं."

"बरं. मग बस. तिची पिशवी आणलीस का?"

पिशवी गाडीतच होती, नेहमी असते. मी ती वर आणली. त्यात नखं घासायची कानस, केसांचे रोलर, बदामाच्या वासाचं क्रीम आणि चर्चचं पत्रक असतं. बर्नी हे सगळं करायची तेव्हा मी खिडकीपाशी बसून पेपर चाळायचो. त्या दिवशी मी ममाची नखं घासली. माझी बायको दोन मैलांवर थंड खोलीत होती आणि मी तिच्या आईची नखं घासत होतो. दुसऱ्याच्या जागी उभं राहायची मला सवय आहे.

ती सवय कुठून लागली ते सांगतो. मी नऊ हंगाम व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळलो, चार शहरांच्या संघांतून. माझं नाव वॉल्टर सिमचाक. ते कोणाला आठवत नाही आणि आठवायचं कारणही नाही. नऊ हंगामांत मी सहा जागांवर खेळलो. कॉलेजातून आलो तो टाइट एंड म्हणून. म्हणजे रांगेच्या टोकाला उभं राहायचं, कधी समोरच्याला अडवायचं, कधी पुढे पळून चेंडू झेलायचा. पहिल्याच वर्षी फुलबॅकचा गुडघा गेला, मला मागे उभं केलं. मग गार्ड कमी पडले, वजन वाढवून रांगेच्या मधोमध घातलं. एका डिसेंबरमध्ये बचावातले दोघं एकाच आठवड्यात जायबंदी झाले, तेव्हा तीन सामने पलीकडच्या बाजूनेही खेळलो. शिवाय वर्षभर पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने लांब उडवायचा असतो तेव्हा, दोन पायांच्या मधून पंधरा यार्ड मागे चेंडू फेकायचं काम माझंच.

लोकांना वाटतं सगळं येणाऱ्याला मान असतो. त्याला काम असतं. संघात प्रत्येक जागेची वेगळी खोली असते. तिथे त्या जागेचे लोक फिल्म बघतात, एकमेकांची टर उडवतात, डोनट्स खातात. मी सकाळी फळ्यावर बघायचो, आज माझं नाव कोणत्या खोलीत आहे. गार्ड लोक म्हणायचे, "आला बघा पाहुणा." हंगामाच्या शेवटी खोलीखोलीचे फोटो निघायचे. माझ्याकडे असा एकही फोटो नाही. कोणाचा तरी घोटा मुरगळला की मला नोकरी होती, आणि तो बरा झाला की मी पुन्हा फळ्याकडे.

सहाही जागांचं पाठांतर बर्नीने करून घेतलं. ती स्वयंपाकघराच्या टेबलावर मीठदाणी, मिरीदाणी, अंडी मांडायची आणि विचारायची, "आता तू अंडं आहेस. मिरीदाणी आत आली. कोणाला अडवशील?" चुकलो की ते अंडं मला नाश्त्याला मिळायचं नाही. उन्हाळ्यात घरामागे ती पंधरा पावलं मागे उभी राहायची, भावाचे बर्फातले हातमोजे घालून, आणि मी वाकून दोन पायांच्या मधून चेंडू फेकायचो. दिवसाला शंभर. मी बर्नीला आयुष्यात बहुतेक सुलट पाहिली असणार, पण डोळ्यांसमोर येते ती उलटी, खाली आकाश, वर गवत, आणि मधे ती, हात पुढे करून. तिचं बोट तेव्हाच मोडलं. तिने बर्फ लावला आणि म्हणाली अजून बावीस राहिलेत.

ममाला माझा धंदा कधी पटला नाही. तिच्या नवऱ्याने पोलादाच्या गिरणीत अडतीस वर्षं एकच क्रेन चालवली. लग्नाच्या जेवणात तिने सगळ्यांसमोर मला विचारलं, "तू नक्की काय करतोस?" मी म्हणालो, जिथे माणूस कमी असेल तिथे उभा राहतो. ती म्हणाली, "म्हणजे तुझं स्वतःचं असं काही नाही." बर्नी जोरात हसली. ममा हसली नाही.

आता त्या एका चेंडूबद्दल. तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्या खेळात छातीवरचा आकडा जागेप्रमाणे असतो. टाइट एंड असताना माझा चौऱ्याऐंशी होता. गार्ड झाल्यावर अडुसष्ट दिला. साठ-सत्तरच्या आकड्याच्या माणसाने पुढे दिलेला चेंडू झेलायचा नसतो. पण कधी कधी कोच अशा माणसाला टोकाला उभं करतो. तेव्हा त्याने आधी रेफरीकडे जायचं, दोन्ही तळवे छातीवरच्या आकड्यावरून वर-खाली फिरवायचे, म्हणजे मी आज दुसऱ्याच्या जागी आहे. रेफरी मान हलवतो, समोरच्या संघाला सांगतो आणि माइकवरून जाहीर करतो की नंबर अडुसष्ट चेंडू घेऊ शकतो. बस. एवढंच. पाच सेकंदांचं काम.

सहाव्या हंगामातला शेवटचा सामना. जिंकलो तर पुढच्या फेरीत. चार गुणांनी मागे, एक मिनिट उरलेलं, चेंडू त्यांच्या रेषेपासून तीन यार्डांवर. आमच्या टाइट एंडचा खांदा निखळला. कोचने माझ्या पाठीवर थाप मारली, "सिमचाक, टोकाला." मी पळत गेलो आणि टोकाला उभा राहिलो. कॉलेजात तिथेच मी चार वर्षं उभा राहिलो होतो. पाय आपोआप रोवले गेले. चेंडू सुटला, मी एकाला धक्का दिला, दोन पावलं पुढे, वळलो, आणि चेंडू माझ्या हातात. मी रेषेच्या पलीकडे होतो, म्हणजे सहा गुण, आणि आसपास कोणीच नव्हतं. नऊ वर्षांतलं माझं एकमेव टचडाउन.

मी विसरलो होतो की माझ्या छातीवर अडुसष्ट आहे. रेफरीकडे जायचंच राहिलं.

चूक दाखवायला रेफरी टाकतो तो पिवळा रुमाल गवतावर पडलेला मी सगळ्यांच्या शेवटी पाहिला. टचडाउन रद्द, पाच यार्ड मागे. पुढच्या दोन्ही फेकी जमिनीवर पडल्या आणि हंगाम संपला. लॉकर रूममध्ये कोणी ओरडलं नाही. कोच माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "छातीवर काय लिहिलंय ते वाच." मी मान खाली घालून वाचलं, अडुसष्ट. तो म्हणाला, "पुढच्या वेळी आधी वाच." बाहेर पडताना बोगद्यात रेफरी भेटला. पांढऱ्या मिशांचा शांत माणूस होता. तो म्हणाला, "पोरा, झेललास सुरेख. मला सांगितलं असतंस तर मी नुसती मान हलवायची होती."

बर्नी स्टँडमध्ये होती. ती दर वेळी माइकवरच्या त्या वाक्याची वाट बघायची. त्या दिवशी ते आलं नाही. तिने नंतर सांगितलं, तिच्या चहूबाजूंनी लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते, बिअर उडवत होते, आणि ती तोंडावर हात ठेवून उभी होती. झाडून सगळे नाचत होते आणि तिला आधीच माहीत होतं.

घरी परतताना ऐंशी मैल गाडी तिनेच चालवली. मी गॅरेजचं दार उघडायला उतरलो. तिने गाडीच्या दिव्यांच्या उजेडात उभं राहून दोन्ही तळवे कोटावरून वर-खाली फिरवले आणि म्हणाली, "आज गाडी मी चालवली. रेफरीला सांगून टाकते." मी हसलो. त्या महिन्यात पहिल्यांदा हसलो असेन.

तेव्हापासून ते आमच्या घरात राहिलं. ती तापाने पडली आणि मी कोबी-शेवयांची कढई चढवली की पलंगावरून हाक यायची, "सांगितलंस का?" आमची मुलगी कोलेट झाली आणि मी पहिल्यांदा लंगोट बदलला, तेव्हा आधी छातीवरून हात फिरवायला लागले. कोलेट लहानपणी शाळेत बदली बाई आल्या की त्यांना विचारायची, तुम्ही सांगितलं का. बाईंना काही कळायचं नाही.

दफन सोमवारी झालं. कोलेट टूसानहून आली. ती आता पंचेचाळीस वर्षांची आहे, दवाखाना चालवते आणि तिला सगळं वेळेत व्हायला लागतं. तिने पहिलंच विचारलं, आजीला कोणी सांगितलं? मी म्हणालो, अजून नाही. ती म्हणाली आजीला व्हीलचेअरवरून दफनाला न्यायला हवं, तिची मुलगी आहे. मी म्हणालो थंडी फार आहे, रस्ता निसरडा आहे, तिचं हृदय अशक्त आहे. सगळं खरं होतं. कोलेटने माझ्याकडे पाहिलं आणि बर्नीसारखाच सुस्कारा सोडला.

"डॅड, मी सांगू का?"

"नको. मी सांगतो."

"कधी?"

"गुरुवारी."

ती बुधवारी परत गेली. गुरुवारी मी पिशवी घेऊन टेकडीवर गेलो आणि ममाने विचारलं, सर्दी गेली का? मी म्हणालो, छातीत उतरलीय.

त्यानंतर तेरा गुरुवार झाले. बर्नीच्या छातीत सर्दी उतरली, मग ती कोलेटकडे टूसानला ऊन खायला गेली, मग कोलेटच्या पायाचं ऑपरेशन निघालं म्हणून तिथे राहिली. मी घरी परतताना गाडीत पाठ करतो, काय सांगून ठेवलंय ते. पूर्वी सहा जागांचं पाठ होतं, आता हे आहे. दर रविवारी कोलेटचा फोन येतो. ती आता फक्त "झालं का?" एवढंच विचारते आणि मी म्हणतो, या गुरुवारी.

बर्नीची कामं मला येतात. रोलर पहिल्यांदा जमले नाहीत, कारण माझी तीन बोटं पुरती मिटत नाहीत. मग जोसी युर्कोने दाखवलं, केसांची बट ओली करून आधी वर ओढायची आणि मग गुंडाळायची. ती दाखवत होती तेव्हा मधेच थांबली आणि म्हणाली, "वॉल्ट, म्हातारीला अजून माहीत नाही ना?" तिने माझ्या हातात कंगवा दिला आणि पुन्हा कर म्हणाली.

मी थकलोय. गुडघे थकलेत हे जुनंच आहे. हे वेगळं आहे. आठवड्यात एक तास बर्नी जिवंत असते, आणि तो तास मला एकट्याला ओढावा लागतो. तिथून निघालो की जिन्यात बसून राहतो. आश्रमातली नर्स ओडेट आता मला ओळखते. ती न विचारता पाण्याचा कागदी पेला देते आणि पुढे जाते.

आज तेरावा गुरुवार होता. मी सकाळी दाढी केली, कोट घातला. आज सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. जिन्यात एकदा वाक्य म्हणूनही पाहिलं. लहान वाक्य आहे.

ममा तयार बसली होती, खांद्यावर टॉवेल घेऊन. मी केस ओले केले आणि रोलर लावायला घेतले. ती म्हणाली, "बरं करतोस आता. पहिल्या वेळी मी कोंबडीसारखी दिसत होते. ओडेटने आरसा लपवला होता."

"तुला काय माहीत? तुला दिसत नाही."

"तिच्या हसण्यावरून कळलं."

मग तिने पत्रक वाचायला सांगितलं. ते मी टाळायला बघतो. त्यात आठवड्याच्या मिस्सा कोणाच्या आत्म्यासाठी आहेत ते छापलेलं असतं, आणि ममाला ती यादी हवीच असते. तिच्या ओळखीचे सगळे आता त्या यादीतच भेटतात. मी वाचत गेलो. सोमवार, स्टीफन होर्वाट. मंगळवार, मॅटिल्डा पाल्को. ममा प्रत्येक नावावर काहीतरी बोलत होती. होर्वाट उधळ्या, पाल्कोची मॅटिल्डा पिठात मीठ विसरायची. मग रविवार आला. सकाळी आठची मिस्सा, बर्नाडेट सिमचाक, चर्चच्या पिरोही मंडळाकडून. मी ती ओळ सोडली आणि साडेदहाची वाचली.

ममा म्हणाली, "आठची?"

"काय आठची?"

"रविवारी आठची मिस्सा असते. ती कोणासाठी आहे?"

मी पत्रकाकडे पाहत राहिलो. म्हणालो, "नाव छापलेलं नाही."

"कोणासाठीच नाही?"

"दिसत तरी नाही."

तिने हात मांडीवर ठेवले. नखं मी आत्ताच घासली होती, ती एकमेकांवर घासून बघत होती. खाली अंगणात कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं टूं आवाज येत होता.

मग ती म्हणाली, "वॉल्टर, तू अजून किती दिवस तिच्या जागी येणार आहेस?"

मी तिच्यासमोर उभा होतो. एका हातात रोलर होता, तो मी खिशात टाकला. वाक्य तोंडात आलं होतं आणि बाहेर पडेना. मग माझे हात आपोआप वर गेले. मी दोन्ही तळवे छातीवरून खाली नेले, वर आणले, पुन्हा खाली नेले. कोटाच्या बटणांवर तळव्यांचा आवाज झाला.

ममाने मान तिरकी केली. तिला माझा नुसता आकार दिसत असणार.

"काय करतोयस? खाज सुटलीय का?"

"नाही ममा."

"मग उभा काय राहिलास? मागची बट राहिलीय. गळ्यावर पाणी येतंय माझ्या."

मी मागे गेलो आणि मागची बट गुंडाळली. माझे डोळे वाहत होते, पण मागे उभं असलं की ते चालतं. तिने हात मागे करून माझा हात चाचपला, त्यावर दोनदा थोपटलं आणि म्हणाली, "बर्नीला म्हणावं, घाई करू नकोस." एवढ्यात ओडेट संध्याकाळच्या जेवणाचा ट्रे घेऊन आली. सूप होतं. ममाने विचारलं मीठ आहे का, आणि ओडेट म्हणाली डॉक्टरला विचारते.

ममाला माहीत असेल असं मला जिन्यात वाटलं. गाडीत बसलो तेव्हा तसं वाटेना. तिच्या मुलीलाही एकदा सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पण ममाला कळलं असलं तरी माझं काम त्याने होत नाही. त्या दिवशीही स्टँडमध्ये बर्नीला माहीत होतं आणि टचडाउन धरलं गेलं नाही. सांगायचं मलाच होतं.

पिशवी पुन्हा गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली आहे. रोलर एक कमी आहे, तो कोटाच्या खिशात निघाला. या रविवारी आठच्या मिस्सेला मी जाणार आहे, आणि दुपारी कोलेटचा फोन येईल.

नखं झाली, केस झाले, पत्रक वाचून झालं. बर्नी गेली हे मी तिच्या आईला अजून सांगितलेलं नाही.